रानमेवा खुशाल खा, अँटिबायोटिक समजून नको

उन्हाळ्यात करवंदं-जांभळांबरोबर एक मेसेजही हमखास येतो: "करवंद, जांभूळ, कोकम, बेल ही निसर्गाची अँटिबायोटिक्स. प्रयोगशाळेत सिद्ध झालंय. करवंद म्हणजे भारतीय क्रॅनबेरीच. आदिवासी हेच खातात, म्हणून त्यांना इन्फेक्शन होत नाही. औषध कंपन्या हे दडवतात." आपलं फळांशी भांडण नाही, या दाव्यांशी आहे.

"प्रयोगशाळेत सिद्ध." काय सिद्ध झालं? बशीत जंतू वाढवतात, त्यात अर्काचा थेंब सोडतात आणि भोवती जंतू वाढले नाहीत की ते रिकामं वर्तुळ मोजतात. पण तो अर्क बऱ्याचदा फळाच्या गराचा नसतोच. पानं, साल किंवा बी मिथेनॉलमध्ये (हा विषारी अल्कोहोल) भिजवून काढलेला असतो. शिवाय औषध जिथे मायक्रोग्रॅममध्ये काम करतं तिथे कच्चा अर्क अनेकदा मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट, लागतो. एवढ्या मात्रेत व्हिनेगरही वर्तुळ पाडून दाखवेल.

कोकमाचं प्रकरण जरा वेगळं आहे. त्याच्या सालीतलं गार्सिनॉल हे रसायन खरोखर दमदार. मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूलाही ते बशीत रोखतं. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. सरबतात उतरतात ती आम्लं आणि अँथोसायनिनचा लाल रंग. आणि जे थोडंफार पोटात जाईल, ते रक्तातून फुप्फुसापर्यंत किंवा जखमेपर्यंत पुरेशा मात्रेत पोचतं, हे त्या बशीवरून कळत नाही.

बेलाबद्दल मात्र मेसेजवाल्यांनी नीट वाचलं असतं तर त्यांना जास्त चांगली गोष्ट सापडली असती. जुलाबावर कच्च्या बेलफळाचा काढा देण्याची आपली जुनी रीत. मुंबईतल्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चच्या संशोधकांनी तोच काढा तपासला आणि 2009 मध्ये निष्कर्ष छापले. जिआर्डिया हा परजीवी आणि रोटाव्हायरस हा विषाणू, या जुलाब करणाऱ्या दोघांवर तो चालला; पण तपासलेल्या सहाही जिवाणूंपैकी एकही त्याने मेला नाही. अँटिबायोटिक म्हणून साफ नापास! तरीही काढा असताना जिवाणूंचं पेशींना चिकटणं आणि आत शिरणं कमी झालं. पटकीच्या जंतूचं विष कमी तयार झालं, आणि जे झालं त्याची पकडही सैल पडली. म्हणजे फळ जंतूला मारत नाही, त्याचे उद्योग बिघडवतं. "जंतुनाशक" हा एकच शिक्का घेऊन बसलं की नेमकी हीच खुबी निसटते. अर्थात हाही प्रयोगशाळेतलाच अभ्यास, रुग्णांवरचा नव्हे. जुलाबात जीव जातो तो पाणी आणि क्षार निघून गेल्याने. त्यामुळे बेलाआधी ओआरएस.

"भारतीय क्रॅनबेरी." करवंद कण्हेरीच्या कुळातलं, क्रॅनबेरीचा आणि त्याचा काही संबंध नाही. खुद्द क्रॅनबेरीबद्दलही पुरावा इतकाच की, काही स्त्रियांना पुन्हा पुन्हा होणारा लघवीचा संसर्ग तिने कमी वेळा होतो. झालेला संसर्ग तिने बरा होत नाही.

"आदिवासींना इन्फेक्शन होत नाही." हे वाक्य शहरात एसीत बसूनच लिहिता येतं. गडचिरोलीच्या जंगलात टेंभरं, चारं असा रानमेवा आहे, आणि तिथेच लहान मुलं न्यूमोनियाने दगावत होती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखायला आणि को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. 1990 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासात या गावांतले बालकांचे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. फरक पडला तो वेळेवर मिळालेल्या साध्या, स्वस्त अँटिबायोटिकने.

राहिला कंपन्यांचा कट. दडवणं दूरच, कंपन्या हे धडाक्यात विकतात. कोकमाच्या दक्षिणेतल्या भावंडाचा, कुडमपुळीचा, अर्क 'गार्सिनिया' नावाने वजन घटवण्याच्या कॅप्सूलमध्ये जगभर खपतो, आणि अशा कॅप्सूल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आमसुलाच्या सारात असं काही एकवटलेलं नसतं. ते दोन वाट्या प्या, चव आहे म्हणून.