२८-३ आणि आल्याचा चहा

मुलाकडे अटलांटाला गेलो आणि पाहिलं तर गावात कुणाचं चित्त ठिकाणावर नाही. तिथला संघ फाल्कन्स. त्यांनी सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा वार्षिक अंतिम सामना, एकदाही जिंकलेला नाही आणि समोर बॉस्टनकडचे पेट्रियट्स. ५ फेब्रुवारी २०१७ची संध्याकाळ. सामना ह्यूस्टनला, आणि मी चिरंजीवांच्या सोफ्यावर, डाव्या कोपऱ्यात. हा कोपरा लक्षात ठेवा.

खेळ मला समजावून सांगितला गेला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. नाव फुटबॉल, पण चेंडूला पाय लागतो क्वचितच. असोल्या नारळासारखं ते प्रकरण काखोटीला मारून एकजण पळतो आणि बाकीचे त्याच्यावर ढीग करतात. मग शिट्टी, नियमभंगाचा पिवळा रुमाल, चर्चा, जाहिराती. एका तासाचा खेळ चार तास चालतो. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची सवय होती म्हणून निभावलं.

तिसऱ्या भागात फाल्कन्स २८-३ने पुढे. सुनेनं केलेले बटाटेवडे संपले, मुलाचे मित्र एकमेकांना मिठ्या मारू लागले. आता काय राहिलंय, म्हणून मी चहा टाकायला उठलो.

आलं ठेचेपर्यंत २८-९. आधण ठेवलं, २८-१२. चहापूड टाकली, २८-२०. बाहेर स्मशानशांतता. गाळणं हातात घेऊन दारात आलो, तर पेट्रियट्सचा एडलमन तिघांच्या मधे सूर मारून पडलेला. चेंडू एकाच्या हाताला लागून उडाला होता आणि गवतापासून चार बोटांवर या पठ्ठ्यानं तो धरला होता. तोच झेल दहा वेळा दाखवला. दहाही वेळा झेल!

"बाबा, तुम्हाला उठायला कुणी सांगितलं होतं?" चिरंजीव.

मी काय बोलणार? २००२ साली लॉर्ड्सवर सचिन बाद झाला, पाच बाद १४६, तेव्हा हा मोरीच्या उंबऱ्यावर उभा होता. युवराज-कैफची जोडी जमली तशी मी त्याला तिथंच बसवून ठेवलं. इंग्लंडच्या ३२५ धावा ओलांडेपर्यंत पोरगं हललं नाही. जेवलाही तिथंच. संस्कार म्हणतात ते हेच.

मुकाट्यानं कोपऱ्यात जाऊन बसलो. पण त्या घोळक्यात एकजण बॉस्टनला शिकलेला होता. इतका वेळ तोंड पाडून बसलेला तो आता अगदी गोड आवाजात म्हणाला, "काका, चहा फक्कड झालाय. अजून अर्धा कप मिळेल?"

पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? पुन्हा आधण ठेवलं. २८-२८. सुपर बोलच्या इतिहासात पहिल्यांदाच जादा वेळ! नाणेफेक पेट्रियट्सनी जिंकली. तेव्हाचा नियम असा की चेंडू आधी मिळालेल्यांनी टचडाऊन केला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेला, की खेळ खलास, दुसऱ्यांना पाळीच नाही. आमच्या गल्लीतसुद्धा नाणेफेक हरलेल्याला बॅटिंग मिळायची हो! चिरंजीव स्वयंपाकघरात धावत आले आणि त्यांनी गॅस बंद केला. पण चहा तोवर उतू गेला होता. बाहेर ३४-२८.

रात्री कुणी माझ्याशी बोललं नाही. सकाळी दाराशी चहापूडचा मोठा पुडा, वर चिठ्ठी: 'काका, पुढच्या फेब्रुवारीतही याच.' चिरंजीवांनी तो पुडा माझा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवला.