गिझरच्या वॉल्व्हला बूच लावायला सांगणारा मेसेज

थंडी पडली की हा मेसेज ग्रुपांवर फिरायला लागतो. ‘मिस्त्रीच्या नादी लागू नका, गिझरला सर्व्हिसिंग लागतच नाही’ असा वर मथळा आणि खाली पाच सल्ले. वॉरंटी संपेपर्यंत गिझर उघडू नका. वॉल्व्हमधून पाणी ठिबकत असेल तर बूच लावा, पाणी वाया जातं. क्षार साचलाच तर संडास धुवायचं अॅसिड आत सोडा. एमसीबी (वीज जास्त ओढली गेली की आपोआप पडणारा खटका) असेल तर अर्थिंगची चिंता नको. आणि गिझर ऑटोमॅटिक असतो, बटण दिवसभर चालू राहिलं तरी बिघडत नाही. यातला शेवटचा सल्ला अर्धा बरोबर आहे. बुचाचा मात्र जीवघेणा आहे, म्हणून आधी तोच घेऊ.

पाणी तापलं की फुगतं. २५ लिटरच्या गिझरमध्ये २० अंशांचं पाणी ६५ अंशांपर्यंत नेलं, तर ते साधारण ४५० मिलीलिटरने वाढतं, म्हणजे दोन पेले भरून. टाकी धातूची, ती काही ताणली जात नाही. थंड पाण्याच्या पाइपवर जो मल्टी-फंक्शन वॉल्व्ह असतो, त्यात नॉन-रिटर्नही असतो, म्हणून वाढलेलं पाणी गच्चीवरच्या टाकीकडे परत जाऊ शकत नाही. त्याला एकच वाट राहते: वॉल्व्हच्या कडेला असलेलं ते बारीक तोंड. गिझर तापत असताना तिथून थेंब पडतात ते यासाठी. तो बिघाड नाही, वॉल्व्ह आपलं काम करतोय. बूच मारलं की दाब चढत जातो. त्यात थर्मोस्टॅट (पाणी ठरल्याइतकं तापलं की वीज तोडणारा भाग) चिकटला आणि कटआउटही (तो फसला तर वीज तोडणारा दुसरा खटका) चालला नाही, तर पाणी १०० अंशांच्या वर जातं, पण दाबाखाली असल्याने उकळत नाही. मग टाकीचा जोड सुटला की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती हजारपटीहून जास्त जागा मागते. भिंत पाडणारे स्फोट होतात ते असे.

आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात ठिबकणारं पाणी बघवत नाही, हे मान्य. मग त्या तोंडाला नळी जोडून खाली बादलीत सोडा. नळी उताराची, कुठेही न मुडपलेली आणि खालचं तोंड उघडं, एवढं पाळलं की झालं.

थेंब कधी बिघाडाचा असतो? गिझर बंद आहे, पाणी थंड आहे, तरीही ठिबकतंय, तेव्हा. एक कारण म्हणजे वॉल्व्हच्या बैठकीत वाळू किंवा क्षाराचा कण अडकणं. टँकरचं पाणी भरणाऱ्या घरांत हे नेहमीचं आहे. वॉल्व्हची दांडी तीन-चार वेळा उचलून पाणी जोरात जाऊ दिलं की कण बहुधा निघतो. दुसरं कारण प्रेशर पंप. गच्चीवरची टाकी गिझरपासून तीन मीटर उंच असेल तर दाब जेमतेम ०.३ बार येतो, तेवढ्याने वॉल्व्ह उघडत नाही. पंप बसवला असेल तर त्याचा दाब आणि गिझरच्या पाटीवरचा दाबाचा आकडा (घरगुती गिझरवर बहुधा ६.५ किंवा ८ बार) ताडून पाहा. आणि वॉल्व्ह कधीच ठिबकला नसेल, तर दर दोन-तीन महिन्यांनी गिझर बंद व थंड असताना दांडी उचलून बघायची. पिचकारी उडाली पाहिजे. दांडी जाम असेल तर नवा वॉल्व्ह बसवा.

आता वॉरंटीचं. टाकीवर पाच-सात वर्षं लिहिलेली असतात, पण बऱ्याच कार्डांवर बारीक अक्षरात जड पाण्याने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. मराठवाड्यातल्या कितीतरी बोअरांना नेमकं तेच पाणी आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, पाण्याच्या जडपणाची, म्हणजे कठीणपणाची, इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत सूट. आपलं पाणी कुठे बसतं याचा अंदाज प्रयोगशाळेआधी स्वयंपाकघरात येतो. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरते. असं पाणी तापवलं की त्यात विरघळलेलं बायकार्बोनेट फुटतं आणि चुना एलिमेंटवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या नळीवर, बसतो. बंबाच्या आत जो थर धरायचा तोच हा, फक्त इथे दिसत नाही.

याबद्दलचा एक समज मिस्त्रीही पसरवतात: क्षार धरला की गिझर हळू तापतो. फारसा नाही. २००० वॉटचं एलिमेंट थराखालीही तेवढीच वीज घेतं आणि तेवढीच उष्णता देतं. २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ३५ मिनिटं लागायचीच. फरक पडतो तो एलिमेंटला. थरामुळे उष्णता लवकर बाहेर पडत नाही, आतली तार नको तितकी तापते, वरची नळी तडकते, आत पाणी शिरतं आणि वीज टाकीत उतरते. थर्मोस्टॅटच्या नळीवर थर चढला, तर त्याला पाण्याची ऊब उशिरा कळते आणि पाणी लावलेल्या अंशांपेक्षा जास्त तापतं. तापताना आतून फुटाणे फुटल्यासारखा आवाज येतो, ती खरी खूण. गिझर खरोखर हळू तापत असेल तर आधी व्होल्टेज बघा. २३० च्या जागी १८० मिळत असतील, तर २००० वॉटचं एलिमेंट सव्वाबाराशे वॉटच देतं.

वॉरंटीवर विसंबून सगळ्यात मोठा तोटा होतो तो अॅनोडचा. ग्लासलाइन्ड, म्हणजे आतून काचेचा लेप दिलेल्या, टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, तोच अॅनोड. टाकीच्या काचलेपाला बारीक तडे असतातच. तिथलं पोलाद गंजण्याऐवजी ही कांडी स्वतः झिजते. नवी असताना बोटाएवढी जाड आणि गुळगुळीत. बाहेर काढल्यावर उंदराने कुरतडल्यासारखी दिसली आणि मधली तार उघडी पडली असेल, तर तिची पाळी संपली. अर्ध्याहून जास्त झिजली असली तरी बदला. ती किती वर्षं टिकेल हे कंपनी सांगू शकत नाही, तुमचं पाणी सांगतं. म्हणून पहिली तपासणी वर्षभरातच करा आणि झीज बघून पुढचं अंतर ठरवा. स्टीलच्या किंवा तांब्याच्या काही टाक्यांत अॅनोड नसतोच, ते पुस्तिकेत बघा. वॉरंटी चालू असताना उघडायचं काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या, नाहीतर तेच निमित्त करून दावा नाकारतील. आणि टाकीच एकदा पाझरायला लागली की तिला वेल्डिंगचा उपयोग नाही.

अॅसिडचा सल्ला देणाऱ्याने गिझर आतून कधी पाहिला नसावा. संडासासाठी विकतात ते बहुधा हायड्रोक्लोरिक अॅसिड. ते मॅग्नेशियमची कांडी खातं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो, जो पेट घेतो. लेपाच्या तड्यांतून ते पोलादापर्यंत पोचतं. स्टीलच्या टाकीला त्यातलं क्लोराइड भोकं पाडतं. उरलेलं अंघोळीच्या पाण्यात येतं ते वेगळंच.

साफसफाई टाकीबाहेर करायची असते. बोर्डावरचं बटण नव्हे, एमसीबी खाली करायची आणि टर्मिनलवर टेस्टर लावून खात्री करायची. पाणी गरम असेल तर निवू द्यायचं. थंड पाण्याचा कॉक बंद करायचा, गरम नळ उघडा ठेवायचा म्हणजे आत हवा शिरते, आणि मग टाकी पूर्ण रिकामी करायची. त्यानंतर फ्लँजचे (एलिमेंट जिच्यावर बसवलेलं असतं त्या चकतीचे) नट काढून एलिमेंट ओढायचं. ते बादलीत कोमट पाण्यात, लिटरला ५० ते १०० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून, टर्मिनल पाण्याबाहेर राहतील असं तासभर बुडवायचं. चुना फसफसत सुटतो. चाकू किंवा पान्याने खरवडू नका, नळीवर चरे पडतात. टाकीच्या तळाची खपली हाताने काढून धुवून घ्यायची. बसवताना रबरी गॅस्केट नवा आणि नट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळायचे, नाहीतर एका बाजूने पाझरतं. मल्टिमीटरवर २००० वॉटचं एलिमेंट २६ ओहमच्या आसपास दाखवतं, ३००० वॉटचं साडेसतरा. टाकी भरून नळातून अखंड धार येईपर्यंत वीज द्यायची नाही.

एमसीबी आणि अर्थिंगची गल्लत तर फार जुनी. १६ अँपिअरची एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. माणसाच्या छातीतून ५० ते १०० मिलिअँपिअर गेले तरी हृदय बंद पडू शकतं, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे एवढीशी वीज गळली तरी पडणारा खटका, लागते. तिचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबा, खटका पडला पाहिजे. अर्थिंग आहे का हे प्लगमधली हिरवी वायर बघून कळत नाही. ती वायर बोर्डात लोंबकळत सोडलेली सापडते. वायरमनकडून गिझर चालू असताना न्यूट्रल-अर्थचं व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या आत आणि फेज-अर्थ २३० च्या आसपास हवं. आपल्याकडे काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि हिवाळ्यापर्यंत कोणी तिकडे फिरकत नाही. खड्ड्यात पाणी घालत राहा. वायर किमान २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, ३००० वॉटला ४ ची बरी. अंघोळीनंतर वीज बंद करून प्लग काढून पाहा. पिन हाताला चटका देत असेल किंवा तिच्याभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडलं असेल, तर सॉकेट ढिला आहे.

शेवटी ‘ऑटोमॅटिक’. थर्मोस्टॅट वीज तोडतो, हे खरं. पण पाणी निवलं की पुन्हा जोडतो, आणि दिवसभर हेच चालतं. थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू एकमेकांना चिकटले, तर त्यामागे फक्त कटआउट उरतो. तो पुन्हा पुन्हा पडतो म्हणून काही मिस्त्री दोन वायरी पिळून, टेप गुंडाळून तो डायरेक्ट करून देतात. खालचं झाकण काढल्यावर अशी टेप दिसली तर गिझर त्या क्षणी बंद करा. शिवाय गच्चीवरची टाकी कोरडी पडली आणि नॉन-रिटर्न क्षाराने नीट मिटत नसेल, तर खालच्या मजल्यावर नळ उघडताच गिझरातलं पाणी मागे ओढलं जातं. बटण चालूच असेल तर एलिमेंट कोरडं जळतं. टंचाईच्या दिवसांत आधी गरम नळाला धार बघा, मगच बटण दाबा.

सर्व्हिसिंगच्या नावाखाली बाहेरून फडकं मारून पैसे घेतात, ही मेसेजमधली तक्रार खोटी नाही. म्हणून काम झाल्यावर मिस्त्रीकडून जुना गॅस्केट आणि जुना अॅनोड मागून घ्या, आणि टाकीतून निघालेली खपली कुठे टाकली तेही विचारा.