तू कोण? मी कोण?

काल संध्याकाळपर्यंत गुण्यागोविंदाने चालणारी एपीआय (आपल्या प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या सर्व्हरशी बोलायचं दार) आज सकाळी ४०१ हा एरर कोड फेकते. म्हणजे 'तू कोण?' अरे, तीन वर्षं रोज दारात येतोय, मी कोण? नवी एपीआय-की, म्हणजे आत शिरायची किल्ली, काढली, तर ४०३. म्हणजे आता ओळखलंस, पण आत घेणार नाहीस! कुठली परवानगी कमी पडतेय ते सांगशील? छे. 'फॉरबिडन.' विषय संपला.

सपोर्टला तिकीट टाकलं. उत्तर काय, तर 'कॅशे क्लिअर करून बघा.' अहो, सर्व्हरवरून कर्ल (कमांड लिहून रिक्वेस्ट पाठवायचं टूल) मारतोय मी, ब्राउझर आहेच कुठे? चौथ्या मेलला कळलं, की त्यांनी व्हाइटलिस्ट, म्हणजे आत घ्यायच्यांची यादी, नव्याने भरली आणि आमच्या सर्व्हरचा आयपी पत्ता गाळला. सांगितलं का कुणी? कशाला सांगतील!

आत शिरलो एकदाचा, तर ४२९. फार रिक्वेस्ट झाल्या म्हणे. तुमचंच दार ठोठावून झाल्या ना त्या! बरं, थांबायचं किती? त्यासाठी उत्तरासोबत पाठवायचा रिट्राय-आफ्टर नावाचा हेडर असतो, तोही पाठवत नाहीत.

आणि सगळ्यात नीच प्रकार म्हणजे स्टेटस २००, म्हणजे 'सगळं ठीक', आणि आत उत्तराच्या बॉडीत 'एरर'. पाकिटावर शुभविवाह, आत तेराव्याचं आमंत्रण!

सेवा चालू आहे की बंद ते दाखवणारं त्यांचं स्टेटस पेज मात्र हिरवंगार.