रोमला गेलो, कलोसियम राहिलं

युरोपच्या पॅकेज टूरसाठी रात्री दोनला कोथरूडहून गाडीत बसलो, आईच्या गुडघ्याला पट्टा बांधला, दोन वर्षं पैसे साठवले होते. आणि रोममध्ये पाहिलं काय? कलोसियमची बाहेरची भिंत. वीस मिनिटं! इ.स. 80 मध्ये खुली झालेली, प्राचीन रोमन लढतींच्या खेळांची वास्तू. जनावरं ठेवायची तळघरं, त्यांना आखाड्यात वर चढवणाऱ्या लिफ्टच्या जागा, सगळं आत. आम्ही फुटपाथवर, कारण ‘आतलं तिकीट पॅकेजमध्ये नाही’. मग पत्रकावर आतला फोटो कशाला छापता?

स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोख या डोंगरखिंडीत, 3,454 मीटरवर, तेच. समोर आलेत्श हिमनदी, आल्प्समधली सगळ्यात मोठी. आई काचेला कपाळ टेकवून बघतेय आणि टूर मॅनेजर शिट्टी मारतोय, ‘चला, जेवण गार होतंय!’ अहो, मटार पनीर पुण्यात रोज मिळतं! ती हिमनदी वितळतेय, मागे हटतेय. आई पुन्हा कधी जाणार तिथे?

चॉकलेटच्या दुकानात मात्र दीड तास. तिथे शिट्टी वाजली नाही. आई बाहेर बाकावर गुडघा चोळत बसली होती.