अंगण खरंच वाकडं होतं

‘नाचता येईना अंगण वाकडे’ या म्हणीवर माझा शाळेपासूनच राग आहे. सगळं खापर नाचणाऱ्याच्या डोक्यावर! इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये वेबसाइट धड दिसावी म्हणून ज्यांनी रात्री जागून काढल्या, त्यांना विचारा. अंगणही वाकडं असू शकतं.

हा ब्राउझर आला २००१ साली. त्याची पुढची आवृत्ती उगवली थेट २००६ मध्ये. मधली पाच वर्षं तो निवांत बसून होता आणि राबत आम्ही होतो. फायरफॉक्समध्ये पान झकास दिसायचं. मी हात झटकून उठणार, तेवढ्यात क्लायंटचा फोन. आणि क्लायंट फायरफॉक्स वापरतो, असं माझ्या नशिबात कधीच नव्हतं.

पहिली सलामी मार्जिनची, म्हणजे चौकटीबाहेर सोडलेल्या मोकळ्या जागेची. डावीकडे मेन्यू, उजवीकडे मजकूर, इतका साधा मामला. मेन्यूला फ्लोट लेफ्ट, म्हणजे डावीकडे सरक आणि बाकीच्यांना शेजारी जागा दे; आणि कडेला जरा श्वास घ्यायला म्हणून डावीकडून २० पिक्सेल मार्जिन. याने दिले ४०. उजवा रकाना शेजारी मावेना, म्हणून तो मुकाट्याने मेन्यूच्या खाली जाऊन बसला. मी दहा लिहून पाहिले, तर वीस झाले. पाच लिहिले, तर दहा. मागितल्याच्या दुप्पट देणारा दाता आयुष्यात एकदाच भेटला, तोही नको तिथे.

यावर उपाय काय, तर त्याच मेन्यूला ‘डिस्प्ले इनलाइन’, म्हणजे ओळीतल्या शब्दासारखा वाग, असं लिहायचं. आता फ्लोट केलेल्या गोष्टीला इनलाइन म्हणण्याला नियमाप्रमाणे काडीचा अर्थ नाही. बाकीचे ब्राउझर ती ओळ वाचून न वाचल्यासारखं करतात. याच्या मात्र कानात ती फुंकली की मार्जिन गपचूप वीसवर. दुसरा मंत्र ‘झूम १’. म्हणजे, बाबा रे, तू आहेस तेवढाच राहा. एवढं सांगितलं की निम्मी दुखणी पळायची. जो आहे तेवढाच राहणार आहे, त्याला तसं सांगावं का लागतं, हा प्रश्न मी सुरुवातीला विचारायचो. नंतर सोडून दिला.

मग मजकूर गायब होण्याचा प्रकार. फ्लोटच्या शेजारचा परिच्छेद पान उघडलं की नसायचाच. क्लायंट फोनवर म्हणाले, “अहो, दुसरा परिच्छेद दिसत नाहीये.” मी म्हटलं, “जरा खाली स्क्रोल करून परत वर या.” पलीकडे शांतता. मग, “आला! तुम्ही काय केलंत?” मी काहीच केलं नव्हतं. पण तेव्हा काही बोललो नाही. इतका आदर त्या कामात परत मिळायचा नव्हता.

पॅडिंगचं, म्हणजे चौकटीच्या आतल्या मोकळ्या जागेचं, तर बोलूच नये. डॉक्टाइपच्या, म्हणजे पान कोणत्या नियमांनी लिहिलंय ते सांगणाऱ्या ओळीच्या, आधी एक्सएमएलची एक निरुपद्रवी ओळ आली, की हा जुन्या चालीवर जाऊन पॅडिंग रुंदीच्या पोटातच मोजायचा. त्यावर आम्ही पोट धरून हसलो. आता मीच प्रत्येक फायलीच्या डोक्यावर ‘बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स’ लिहितो, म्हणजे पॅडिंग पोटातच मोजा अशी विनंती करतो. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

पण माझी खरी परीक्षा पाहिली ती एका अक्षराने. पानाच्या तळाशी शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘अधिक माहितीसाठी संपर्क साधावा’. क्लायंटचा फोन आला. “सगळं छान आहे हो, पण खाली ‘वा’ कोण म्हणतंय?”

मी उघडून पाहिलं. ‘संपर्क साधावा’ आणि त्याच्याखाली, नव्या ओळीवर, एकटंच उभं, ‘वा’.

फाइल उघडली. त्यात ‘वा’ एकदाच. पुन्हा शोधलं, एकदाच. वाक्य पुसून परत टाइप केलं. वा. फॉन्ट बदलला. वा. रात्री साडेबाराला मी त्या पानाकडे बघतोय आणि ते मला दाद देतंय, असा एकंदर देखावा होता. शेवटी कळलं, की फ्लोट केलेल्या रकान्यांच्या मध्ये कोडमध्ये कॉमेंट, म्हणजे पानावर न दिसणाऱ्या टिपा, लिहिल्या असतील, तर हा ब्राउझर शेवटच्या रकान्यातली शेवटची अक्षरं पुन्हा छापतो. ‘इथे मेन्यू संपला’, ‘इथे मजकूर सुरू’ अशा सुबक कॉमेंट मीच लिहिल्या होत्या. पुढे कुणाला तरी सोयीचं जावं म्हणून. सगळ्या काढल्या. वा गेलं.

सकाळी क्लायंटला कळवलं. त्यांनी पान पाहिलं, “हं,” म्हणाले आणि लोगो थोडा मोठा करायला सांगितला. त्या अख्ख्या कामात मला ‘वा’ म्हणणारा तो ब्राउझर एकटाच होता, आणि त्याचंही तोंड मी रात्री जागून बंद केलं होतं.