भाऊसाहेब आणि वरवंटा

समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवरच्या पुण्यात, तेही तिसऱ्या मजल्यावर, समुद्र पाळण्याची बुद्धी मला का झाली, याचा खुलासा मी घरात अनेकदा केला आहे आणि तो एकदाही ग्राह्य धरला गेलेला नाही. गप्पी आणि एंजल हे गोड्या पाण्यातले मासे पाळून झाले की काही माणसांना खारे डोहाळे लागतात, एवढेच मी सांगू शकतो.

समुद्राची सुरुवात मिठापासून होते. एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, या हिशेबाने माझ्या ३०० लिटरच्या टाकीसाठी साडेदहा किलो खास मीठ घरात आले, तेव्हा यंदा कैऱ्या लवकर आल्या की काय, असे आईला वाटले. त्यानंतर सव्वा महिना टाकीत नुसते पाणीच होते, कारण माशाच्या उत्सर्गातला अमोनिया पचवणारे जिवाणू आधी वस्तीला यावे लागतात आणि त्यांना घाई केलेली चालत नाही. दिवे, पंप, वाळू, खडक असा थाट करून आम्ही पाणी पाळले आहे, अशी बातमी सोसायटीत पसरली. पाणी आटले की त्यात खारे नव्हे, तर गोडेच पाणी घालायचे, कारण वाफ पाण्याची होते, मिठाची नाही. ही गोष्ट मला तीन व्हिडिओ पाहून कळली. आई म्हणाली, “आमटी आटली तर आपण तिच्यात मीठ घालतो का?”

अखेर दुकानदाराने प्लॅस्टिकच्या पिशवीतून स्नोफ्लेक मोरे ईल, म्हणजे सापासारखा लांबट समुद्री मासा, दिली. पांढुरक्या अंगावर काळ्या नक्षीचे ठिपके आणि त्यांत पिवळे शिंतोडे, असे ते हातभर लांबीचे रूप पाहून मी हरखलो. आईचे माहेर रत्नागिरीकडचे. तिने चष्मा लावून नीट निरखले आणि विचारले, “वाम आहे ना ही? मग कापून का नाही आणलीस?”

पाहुणी खडकाच्या बिळात शिरली आणि तोंड तेवढे बाहेर काढून उघडमीट करू लागली. हा राग नव्हे, श्वासोच्छ्वास आहे. तोंडातून पाणी आत घेऊन ते कल्ल्यांवरून सोडण्याची ती रीत आहे, असे मी प्रत्येक पाहुण्याला समजावतो. परंतु सदैव भाषणाच्या तयारीत असलेला आणि एक शब्दही न बोलणारा तो चेहरा पाहून बायकोने ‘भाऊसाहेब’ असे नाव ठेवले आणि तेव्हापासून त्यांच्याविषयी घरात आदरार्थी बहुवचनातच बोलले जाते.

भाऊसाहेबांनी पहिले अकरा दिवस अन्नाला तोंड लावले नाही. बाराव्या दिवशी त्यांनी कोलंबीऐवजी माझी करंगळी पसंत केली. त्यांची नजर अधू आणि नाक तिखट, त्यामुळे कोलंबी सोललेले बोट आणि कोलंबी यांत ते भेद करत नाहीत. खेकड्यांची कवचे फोडण्यासाठी घडलेले त्यांचे दात बोथट असतात, म्हणून थोडक्यात निभावले. तेव्हापासून लांब चिमटा वापरतो. श्रावणात मात्र खरी पंचाईत झाली. आमच्याकडे महिनाभर मासळी वर्ज्य आणि भाऊसाहेबांना आठवड्यातून दोनदा कोलंबी हवी. शेवटी फ्रीजरमध्ये एक डबा ‘औषध’ अशी चिठ्ठी लावून ठेवण्यात आला.

आणि मग ती रात्र. अडीच वाजता पाणी प्यायला उठलो, तर टाकी रिकामी. पंपाच्या नळीसाठी झाकणात दोन बोटांची फट ठेवली होती. अंगावर खवले नाहीत, वर बुळबुळीत थर, त्यामुळे भाऊसाहेबांना ती पुरली. ते चपलांच्या कपाटाखाली सापडले, धूळ आणि केसांच्या गुंत्यात गुरफटलेले, तोंडाची उघडमीट मात्र चालू. ओल्या पंचात धरून त्यांना टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत विसळले आणि घरी पोहोचवले.

सकाळी मी बायकोला रीटा मेहता या कॅलिफोर्नियातल्या संशोधिकेविषयी सांगितले. मोरे ईलच्या घशात दुसरा जबडा असतो आणि तो पुढे येऊन घास आत ओढतो, हे तिने आणि तिच्या सहकाऱ्याने २००७ मध्ये दाखवले. पुढे २०२१ मध्ये तिने असेही दाखवले की त्या जबड्यामुळे हीच जात पाण्याबाहेर, कोरड्यावरही घास गिळू शकते. बायकोने शांतपणे ऐकून घेतले. “म्हणजे ते बाहेर जेवायला निघाले होते,” ती म्हणाली.

फट बुजवली, तरी माझा जीव थाऱ्यावर येईना, म्हणून झाकणावर आईचा वरवंटा ठेवला. महिनाभर मिक्सरमधली चटणी खाल्ल्यावर परवा आईने तो परत मागितला. खोबऱ्याची चटणी पाट्यावरच वाटायची, असा तिचा निर्धार होता. ती आतमध्ये सावकाश, मन लावून वाटत होती आणि मी बाहेर दोन्ही हातांनी झाकण दाबून उभा होतो. भाऊसाहेब खालून माझ्याकडे पाहत होते, तोंड उघडे टाकून.