पिक्चर वाईट नाही, पिक्चर मोड वाईट आहे

घरी सोफ्यावर बसून सिनेमा पाहणाऱ्याचं मत लवकर तयार होतं, साधारण नावं पडून संपायच्या आत. ‘काय अंधार आहे!’ ‘काय पुटपुटतायत, कळत नाही.’ ‘सीरियलसारखाच वाटतोय की.’ ही तिन्ही मतं खरं तर टीव्हीबद्दल असतात, पण बिचाऱ्या दिग्दर्शकाच्या नावावर खपतात. म्हणून माझी नम्र सूचना अशी, की घरबसल्या समीक्षा करणाऱ्याने ताऱ्यांच्या आधी परिस्थिती नमूद करावी. ‘दोन तारे. व्हिव्हिड मोड. खिडकी उघडी. मिक्सर चालू.’

सुरुवात सीरियलसारखं दिसण्यापासून करू, कारण हा आरोप सर्वांत गंभीर आणि सर्वांत खरा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींवर (फ्रेम्सवर) चित्रित होतो. टीव्हीचा पडदा मात्र सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, महागडा असेल तर १२० वेळा. रिकाम्या जागा बघवत नाहीत म्हणून टीव्ही दोन चौकटींच्या मधली तिसरी चौकट स्वतःच्या मनाने तयार करतो. यजमानाने दोन पोळ्या वाढल्या आणि शेजाऱ्याने मध्ये आपली एक सरकवली, तसं. चित्र लोण्यासारखं सरकतं, आणि कोट्यवधी रुपयांची लढाई कुणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओसारखी दिसायला लागते. सोनीकडे याला मोशनफ्लो म्हणतात, एलजीकडे ट्रूमोशन, सॅमसंगकडे ऑटो मोशन प्लस. नाव काहीही असो, पिक्चर सेटिंगमध्ये ‘अॅडव्हान्स्ड’ किंवा ‘क्लॅरिटी’खाली खोल पुरलेलं असतं, ते खणून बंद करायचं. २०१८ मध्ये टॉम क्रूझने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारीला शेजारी उभं करून एवढंच सांगायला व्हिडिओ काढला होता. विमानाला लटकणारा माणूस हातातलं काम सोडून टीव्हीच्या मेनूबद्दल बोलतो, म्हणजे दुखणं किती खोल असेल ते बघा. क्रिकेटला मात्र हे चालू ठेवायला हरकत नाही, चेंडू दिसतो.

अंधाराचं प्रकरण जरा दोन्ही बाजूंनी आहे. २०१९ साली ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या शेवटच्या पर्वातली रात्रीची लढाई कुणालाच धड दिसली नाही आणि जगभर बोंब झाली. छायालेखक फेबियन वॅग्नर यांचं म्हणणं पडलं की लोकांना टीव्ही नीट लावता येत नाही. माझ्या मते दोघंही बरोबर. नेटवरून येणारं चित्र दाबून पाठवलेलं असतं आणि दाबताना पहिला बळी काळ्या रंगाच्या छटांचा जातो. धुराऐवजी चौकोनी ठोकळे तरंगताना दिसले, तर त्यात आपल्या टीव्हीचा दोष नाही. पण बाकीचं पाप आपलंच. एनर्जी सेव्हिंग आधी बंद करा, वीजबिलाची रोजची बचत चहाच्या एका कपाइतकीही नसेल. मग समोरच्या खिडकीचा पडदा ओढा आणि टीव्हीच्या मागे एक मंद दिवा लावा.

त्यानंतर व्हिव्हिडमधून बाहेर या. हा मोड दुकानासाठी असतो. ट्यूबलाइटच्या झगमगाटात ओळीने मांडलेल्या टीव्हींतून आपला उठून दिसावा, एवढंच त्याचं जीवितकार्य. घरात तो चेहऱ्यांना शेंदूर फासतो आणि शार्पनेस वाढवून प्रत्येक माणसाभोवती पांढरी रेघ ओढतो, जणू सगळेच संत. ‘मूव्ही’, ‘सिनेमा’ किंवा २०१९ मध्ये जाहीर झालेला ‘फिल्ममेकर’ यांपैकी जो मिळेल तो लावा. पहिल्या संध्याकाळी घरात ओरड होईल, चित्रावर वरण सांडल्यासारखं दिसतंय म्हणून. ते वरण म्हणजे ६५०० केल्विनचा पांढरा, ज्यावर सिनेमाचे रंग बसवलेले असतात. डोळ्यांना निळ्या पांढऱ्याची सवय झालेली असते, ती सुटायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर रिमोटवर पहारा हवा.

आता काळे पट्टे. वर-खाली पट्टे दिसले की आपले पैसे बुडाले असं वाटून माणूस झूम दाबतो. हिशेब बघा. ४३ इंची टीव्हीचा पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद आणि साडेत्रेपन्न उंच. रुंदी-उंचीच्या २.३९ ला १ या प्रमाणातला सिनेमा त्यावर जेमतेम ४० सेंटिमीटर उंचीत बसतो, वर सात आणि खाली सात काळे. हे सात-सात भरायच्या नादात झूम केलं, की दोन्ही बाजूंची मिळून पाव चौकट कापली जाते. संवाद चालू राहतो आणि बोलणारा माणूस शोकेसमध्ये गेलेला असतो.

जुन्या सिनेमांवर याच्या उलट अत्याचार होतो. त्यांची चौकट जवळजवळ चौरस, मग डावी-उजवीकडचे पट्टे घालवायला चित्र ताणतात. ‘संत तुकाराम’ (१९३६) असा ताणून बघितला तर विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा जवळपास एक तृतीयांश जास्त रुंद होतात. संसारावर पाणी सोडलेला माणूस तालमीतून आल्यासारखा दिसला, तर अभंग कितीही गोड असो, पटत नाही. दूरदर्शनच्या १९८७ च्या ‘रामायणा’त रथाची चाकं अंडाकृती होतात ती यामुळेच. परीक्षा सोपी आहे. पडद्यावर चाक, थाळी, चंद्र, काहीतरी गोल येऊ द्या. गोल दिसलं नाही तर सेट-टॉप बॉक्स आणि टीव्ही दोन्हींचं प्रमाण तपासा, कारण एकाने ताणलेलं दुसरा कापतो आणि भांडण मिटत नाही. शिवाय ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ नावाचं काही असेल तर ते चालू करा. नाहीतर टीव्ही चारी कडांचा थोडा-थोडा भाग विनाकारण खातो.

‘फार संथ आहे’ या मताला माझ्याकडे उपाय नाही, फक्त एक माहिती आहे. आपल्याकडचं प्रक्षेपण २५ चौकटींच्या हिशेबाचं, त्यामुळे २४ चा सिनेमा चॅनलवर सहसा चार टक्के पळवून दाखवतात. ‘सैराट’ची १७४ मिनिटं अशी १६७ होतात. तरीही संथ वाटला तर मधल्या जाहिराती मोजा.

सगळ्यात अवघड आवाज. संवाद हळू, आणि तो ऐकायला आवाज वाढवला की पुढच्या क्षणी इमारत कोसळते. सिनेमाच्या ५.१ ध्वनीत (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा) संवाद मधल्या स्पीकरसाठी ठेवलेला असतो. आपल्या टीव्हीत मधला स्पीकरच नाही. दोन आहेत, तेही पडदा बिस्किटाएवढा पातळ करायच्या हौसेपोटी खाली तोंड करून बसवलेले. त्यात टीव्ही शोकेसच्या कप्प्यात आत ढकललेला. म्हणजे नायिका आधी फळीशी बोलते, मग फळी आपल्याला सांगते. टीव्ही कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा, खर्च शून्य. मग अॅपमध्ये आवाजाच्या यादीत ५.१ ऐवजी स्टिरिओ असेल तर तो निवडा. टीव्हीत ‘क्लिअर व्हॉइस’ असेल तर चालू, ‘सराउंड’ बंद. एवढं करूनही कुजबुज कळली नाही तर समजा नट खरोखरच पुटपुटतोय, आणि बिनधास्त एक तारा कमी करा.

शेवटचा आधार सबटायटल. दोन ओळी, ओळीला बेचाळीसच्या आसपास अक्षरं, एवढ्या जागेत भाषांतरकाराला प्राण सोडायचा असतो. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मधलं ‘हा माझा बायको’ इंग्रजीत नेऊन दाखवा. गंमत सगळी ‘हा’ आणि ‘माझा’त, आणि तिकडच्या ‘माझा’ला लिंगच नाही. विनोद खाली उतरेपर्यंत गतप्राण.

राहिल्या मालिका. त्यांना कुठलंही सेटिंग लागू पडत नाही. मोशन चालू ठेवा, बंद ठेवा, त्या सीरियलसारख्याच दिसणार. तबक हातातून पडताना तीन कोनांतून तीनदा दिसतं, मग ढॅण, मग सात चेहरे एकेक करून. ही पात्रं कधी एकाएकी सुधारतात, कधी मालिका थेट सात वर्षांची लीप घेते. त्यामागे पुष्कळदा गुरुवारी येणारे टीआरपीचे आकडे असतात. ट्रॅक चालला नाही की खलनायिकेला पश्चात्ताप होतो, फक्त लगेच होत नाही, कारण आधी चित्रित केलेल्या भागांची बँक संपायची असते. तोवर ती जुन्या हिशेबाने विष कालवत राहते.

संध्याकाळी साडेसात ते दहा टीव्ही याच कामात असतो. म्हणजे वरचं सगळं सेटिंग उपयोगी पडायची वेळ रात्री सव्वादहानंतर येते. पडदे ओढलेले, मागे मंद दिवा, रंग वरणासारखे अगदी नियमात. आणि आतल्या खोलीत मंडळी झोपलेली असल्यामुळे आवाज नऊच्या वर नेता येत नाही.